नाकारलेले दोन दावे आणि जाईबाईंचा वाटा

मी, माया आनंदा धुरी, वय अडुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार करी रोड, मुंबई, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोळ्याला मोतीबिंदू आहे; डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पूर्वी टाकून पाहिला गेला, त्याचे काय झाले ते पुढे लिहिले आहे.

१. सर्वांत आधी देणी. माझे पती आनंदा यांच्या किडनीच्या आजारात मी कार्डांवर आणि वित्तसंस्थांकडून कर्ज काढले. ते वाचले नाहीत, कर्ज राहिले. तेव्हा कोर्टाच्या मंजुरीने परतफेडीची योजना ठरली. दरमहा मी एक हप्ता भरायचा आणि नेमलेल्या अधिकारी बाईंनी तो सगळ्या धनकोंना, ज्याच्या त्याच्या येण्याच्या प्रमाणात, वाटून द्यायचा. हप्ता चुकला तर योजना रद्द आणि घर धोक्यात. मी चुकवलेला नाही. माझ्यामागे जे हप्ते उरतील ते माझ्या मुदतठेवीतून प्रथम भरावेत. बाकीच्यांनी त्यानंतर हात पुढे करावा.

२. धनकोंमध्ये शेजारच्या जाईबाई पेडणेकर आहेत. आमच्या ह्यांच्या डायलिसिससाठी त्यांनी पाटल्या मोडून पैसे दिले, चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. योजनेत त्यांचे नाव मीच घातले. त्या म्हणाल्या, "गो माया, माका कित्याक कोर्टात ओढतंस? जमतला तेवा दी." मी म्हटले, "बँका रांगेत उभ्या राहतात, तुम्ही का मागे राहायचं?"

३. योजनेच्या दुसऱ्या वर्षी, जुनी कर्जे विकत घेणाऱ्या एका कंपनीने आमच्या नावावर तीन दावे लावले. एक फ्रिजचा, एक टीव्हीचा, एक माझ्या ओव्हरलॉक मशीनचा. तिन्ही दहा वर्षांपलीकडचे. माझा मुलगा विनीत म्हणाला, "आई, हप्ता तेवढाच राहतो ना? सही कर आणि मोकळी हो. उगाच वाकड्यात शिरलीस आणि योजना मोडली तर घर जाईल."

"हप्ता तेवढाच, पण खाणारी तोंडं वाढली," मी म्हटले. "ते जाईबाईंच्या वाट्यातून खाणार."

विनीतच्या बोलण्यात काळजी होती, हे मला तेव्हाही कळत होते. तरी मी हरकत नोंदवली.

सुनावणीला कंपनीचा माणूस टाय लावून आला. "आजी, कर्ज घेतलं नव्हतं हे सिद्ध करा."

"फ्रिज रोखीने घेतलाय. कर्ज दिलं म्हणता ना, मग सही दाखवा."

त्याच्याकडे संगणकातून काढलेली यादी होती. अधिकारी बाईंनी मूळ करार आणायला मुदत दिली. पुढच्या वेळी तो तीच यादी घेऊन आला. बाहेर जिन्यावर मला म्हणाला, "आम्ही तुमच्या योजनेवरच हरकत घेऊ, मग घर सांभाळा." मला भीती वाटली, खोटे कशाला लिहू. पण म्हटले, "घ्या. लेखी घ्या." ती हरकत आजवर आलेली नाही. फ्रिजचा दावा नाकारला गेला.

टीव्ही माझे दीर जयवंत यांनी ह्यांच्या नावावर घेतला होता, कारण ह्यांची नोकरी कायम होती. टीव्ही पहिल्या दिवसापासून जयवंत यांच्या डिलाईल रोडच्या खोलीत. मी त्यांच्याकडे गेले, म्हटले, एवढे येऊन सांगा. ते म्हणाले, "वहिनी, माझं सिबिल खराब होईल. भाऊ तर गेला. त्याच्या नावावर राहिलं तर काय बिघडतं?" मी चहा तसाच ठेवून उठले.

सुनावणीला त्यांची मुलगी प्रिती आपण होऊन आली, कामावर खाडा करून. उभी राहून म्हणाली, "टीव्ही आमच्याकडे होता. पप्पांनी आणला. मी सांगतेय, लिहून घ्या." करारावर सही सापडेना, वसुलीची मुदतही केव्हाच संपलेली. तोही दावा गेला.

राहिले मशीन. अधिकारी बाई म्हणाल्या, "याचीही मुदत गेली आहे. तुम्ही नाकारू शकता."

मी म्हटले, "हे मी घेतलंय, आणि शेवटचे हप्ते राहिलेत. मशीनवर आजही शिवते. हा दावा धरा. फक्त माझा हप्ता तेवढा वाढवा, म्हणजे जाईबाईंचं कमी होणार नाही."

विनीतने कपाळाला हात लावला. त्या वाढीव हप्त्यासाठी मी शाळांचे गणवेश आणि ढोलपथकांचे कुर्ते शिवले. डोळे तेव्हाच अधू झाले. झाले तर झाले.

४. माझ्यामागे वसुलीवाल्यांचे फोन येतील. विनीतला 'वारस' म्हणून दरडावतील. त्याने ध्यानात ठेवावे की माझे देणे माझ्या मिळकतीतून फिटेल, त्याच्या पगारातून नाही. नाकारलेल्या दाव्यांबद्दल कोणालाही लेखी वचन देऊ नये. मुदत गेलेले कर्ज अशा एका सहीने पुन्हा जिवंत होते. गोड बोलणाऱ्यालाही सही देऊ नये.

५. देणी फिटल्यावर करी रोडचा फ्लॅट विनीतचा. त्यावर कर्ज काढू नये अशी अट घालणार होते. वकील म्हणाले टिकणार नाही. म्हणून विनंती करते. आईची विनंती आहे, एवढे बघ.

६. ओव्हरलॉक मशीन, दोन्ही कात्र्या आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर प्रितीला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. विनीतने रुसू नये. वेळेला उभे राहणारे माणूस मी पाहिले आहे.

७. जयवंत भावोजींना काही देत नाही. मात्र त्यांना दारातून परत पाठवू नये. त्यांनी यावे, भावाच्या फोटोसमोर बसावे. बोलायचे की नाही ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

८. माझे दिवसकार्य उसनवारी करून करू नये. शिलकेत बसेल तेवढेच करावे. बसले नाही तर आलेल्यांना चहा द्यावा, साखर सढळ घालावी, आणि सांगावे की माया धुरी कोणाचे बुडवून गेली नाही.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही: माया आनंदा धुरी

साक्षीदार:
१. कमलाकांत विठ्ठल राजाध्यक्ष, निवृत्त शिक्षक, दादर
२. डॉ. अनुजा श्रीधर कोठारे, लालबाग

स्थळ: करी रोड, मुंबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५