छातीचे फोटो काढणारी

आई, गेल्या रविवारी शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन होतं आणि त्यात माझा एक फोटो लावला होता. हे कळलं असतं तर तू गल्लीभर सांगत सुटली असतीस, पण थांब, गोष्ट तितकी सरळ नाही. तो फोटो मी पाठवलाच नव्हता. तुझ्या नातीने, दादाच्या पोरीने, माझ्या मोबाइलमधून परस्पर घेतला आणि पाठवून दिला. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती, आता कॉलेजात आहे आणि मला न विचारता माझ्यासाठी काय काय करत असते. फोटोत एक म्हातारे शेतकरी आमच्या एक्स-रे विभागाबाहेर उभे राहून स्वतःच्या छातीची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघताहेत. फिल्म उलटी धरली आहे आणि ते त्यांना माहीत नाही. खाली पाटीवर छायाचित्रकार असं लिहून पुढे माझं नाव. एक गृहस्थ त्या फोटोपाशी बराच वेळ थांबले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भारी काढलाय की! कुणी काढलाय, वळखता काय?" मी म्हणाले, "नाही हो, मला नाही माहीत." आणि तशीच बाहेर पडले. राजारामपुरीपर्यंत चालत आले, रिक्षा करायचंही सुचलं नाही.

का म्हणाले तसं, ते चार दिवस शोधतेय. मी याच हॉस्पिटलात नवीन लागले होते तेव्हाची तू सारखी आठवते आहेस. महिन्यातून एकदा तू गावाकडून एसटीने यायचीस, वाटेत वाडीला दत्ताचं दर्शन घेऊन, कवठाच्या बर्फीचा पुडा घेऊन. बाहेरच्या बाकावर पेशंटांमध्ये बसायचीस, पुडा उघडायचीस आणि ज्याला त्याला सांगायचीस, "आत फोटो काढत्याय न्हवं, ती माझी पोरगी. फोटोग्राफर हाय." एकदा एक पेशंट आत आला आणि मलाच विचारायला लागला, "बाई, लगीन बी घेता काय तुमी?" डॉक्टर मोठ्याने हसले. मी बाहेर आले आणि सगळ्यांदेखत तुला झापलं. "आई, मी फोटोग्राफर नाही, टेक्निशियन आहे. शिकलेय मी त्यासाठी. पुन्हा असलं काही सांगू नकोस." तू गोंधळून माझ्याकडे बघितलंस. "अगं, हलू नको म्हणतीस, श्वास धर म्हणतीस, बटण दाबतीस, फोटो येतोय. मग आनि काय ऱ्हायलं?" मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं आणि आत गेले. त्यानंतर तू यायचीस, पण बाकावर गप्प बसायचीस. ते मला लागायला हवं होतं. तेव्हा मात्र सुटल्यासारखं वाटलं.

आणि आता पाटीवर तोच शब्द छापून आला तर मी पळाले. तुझी नात म्हणते, आत्या, ज्याला दिसतं तो फोटोग्राफर. पण आतल्या खोलीत मला जे दिसतं ते मी बोलायचंच नसतं, ते डॉक्टर बोलतात. मग मी कोण? इतकी वर्षं माणसांना उभं केलं, खांदे पुढे घ्या म्हटलं, हनुवटी वर धरायला लावली, त्यातला एकही फोटो कुणी भिंतीवर लावला नाही. हा एक मोबाइलवर घाईत काढला, तोही त्या म्हाताऱ्यांना न विचारता. आत येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की आपला फोटो निघतोय. ह्यांना ठाऊक नव्हतं. चोरून काढलेल्या फोटोनेच मी फोटोग्राफर होणार असेन, तर मला तो शब्द हवा आहे का, हेही कळेना.

गुरुवारी ते म्हातारे परत आले, दुसरा फोटो काढायला. बरोबर बायको होती, पण ती औषधाच्या रांगेत थांबली होती. मी धीर करून त्यांना मोबाइल दाखवला आणि प्रदर्शनाचंही सांगून टाकलं. त्यांनी मोबाइल लांब धरून बघितला. "ह्यो मी? आनि उलटा धरलाय व्हय?" स्वतःशीच हसले. मग म्हणाले, "ही कुठं गेली? शेजारीच हुती की."

तुझ्या नातीने फोटो नीटस दिसावा म्हणून त्या बाईंना कापून टाकलं होतं. मी मूळ फोटो शोधून दाखवला. त्यात त्या वाकून फिल्मवर बोट ठेवून काहीतरी विचारताहेत. "हां, ह्यो खरा," म्हातारे म्हणाले. "ह्यो द्या आमाला."

"रागावलात का हो?" मी विचारलं.

"रागवायचं काय त्यात? पर इचारायचं हुतं. पदर तरी नीट घेतला असता तिनं."

मी तो फोटो छापून आणला आहे, पुढच्या खेपेला देईन. माझ्या हातून काहीतरी सरळ झालं असं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तूच डोळ्यांपुढे येत राहिलीस. घरात भिंतीवर तुझा जो फोटो आहे तो दादाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, तुझ्या खांद्यावर मावशीची बोटं अजून आहेत. मी तुझा साधा फोटो कधी काढलाच नाही. काढला तो छातीचा.

खोकला दोन महिने हटत नव्हता म्हणून दादा तुला घेऊन आला होता. तू ठेवणीतलं लुगडं नेसली होतीस, केसांना तेल लावून आली होतीस. "कुंकू दिसंल काय गं ह्यात?" असं विचारलंस. मी सांगितलं तशी प्लेटला छाती टेकवून उभी राहिलीस आणि श्वास असा धरलास की मी सोड म्हटलं तरी सोडेनास. मी डार्करूममध्ये गेले. फिल्म धुऊन उजेडावर धरली. मग बाहेर येऊन म्हणाले, "आई, हललीस तू. परत काढायला लागेल."

"न्हाय गं. हललो न्हाय मी."

"हललीस."

तू ओशाळलीस. परत उभी राहिलीस, दुप्पट ताठ. दुसऱ्या फिल्ममध्येही तो डाग त्याच जागी होता. मी आतच थांबले होते. दार अर्धवट उघडं होतं. कित्येक वर्षांनी तू बाकावर शेजारच्या बाईशी बोलताना ऐकू आलीस. "पोरीचा काय दोष न्हाय. लई चांगलं काढती ती. मीच हललो." पुढचे सात महिने घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तू हेच सांगितलंस, आणि प्रत्येक वेळी मी चहा टाकायला आत गेले.

मी फोटोग्राफर आहे की नाही, ते आजही मला ठरवता येत नाही. हे पत्र कुठे टाकणार, आणि तुझा पत्ता असता तरी टाकलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. एवढं एक मात्र लिहून ठेवते. पहिली फिल्म स्पष्ट आली होती, आई. तू हलली नव्हतीस.