पेडण्यातली पहिली आगगाडी

चिरंजीव अनंत यास,

पेडण्याहून सगुणदादाचे आशीर्वाद. देवकीकाकीची, म्हणजे तुझ्या आईची, तब्येत बरी आहे. माझी तर छाती इतकी फुगली आहे की सदऱ्याची बटणं लागत नाहीत. तुला पुण्याची हवा मानवते ना?

यंदा चवथीला गणपतीपुढे मी आगगाडी केली आहे. धावती! (गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली, पेडण्यात वीज आली, रूळ मात्र आले नाहीत. ती उणीव अखेर आपल्या घराने भरून काढली.) म्हापशाला जाऊन इतके सिनेमे पाहिले, ते गाण्यांसाठी नव्हे. नायिका रडू लागली की सगळं थेटर तिच्याकडे बघे, मी तिच्या मागचं इंजिन बघे. एका सिनेमातून पूल आणि घोड्यांवरून पाठलाग करणारे डाकू घेतले, दुसऱ्यातून निरोपाचं स्टेशन. इंजिन खोबरेलाच्या डब्याचं, चाकं दोऱ्याच्या रिळांची, बोगदा कोरलेल्या कोहळ्याचा, धूर अगरबत्तीचा. गाडी ओढणारी दोरी पडद्यामागच्या शिलाई मशीनला बांधली आहे आणि मशीन चालवते तुझी वहिनी शेवंती. (तिला ड्रायव्हर म्हटलेलं आवडतं.)

पहिल्याच आरतीला भटजींचं उपरणं दोरीत अडकलं. पडद्यामागे शेवंतीला काय दिसणार? तिला वाटलं गाडी चढावर आहे, तिने पाय जोरात मारले. भटजी आरतीसकट पुलापर्यंत ओढले गेले, दोन डाकू आडवे झाले. पण गाडी रुळावरून घसरली नाही, हे लक्षात घे! डिचोलीहूनसुद्धा माणसं बघायला आली.

एकटी काकी मात्र स्टेशनाशी बसून रुमाल हलवणाऱ्या बाहुलीकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "सगुणा, तुज्या गाडयेत सगळे चढतत. उतरता कोण रे?"

मी म्हटलं, "काकी, सिनेमातली गाडी सुटतेच. उतरणाऱ्यावर गाणं कोण करणार?"

ती हसली नाही. मग मलाच राहवेना. दुसऱ्या दिवशी मातीचा एक माणूस केला, हातात बॅग दिली आणि फलाटावर उतरवून ठेवला. काकीने पदराने त्याच्या डोक्यावरची धूळ पुसली. आता डाकूंना सोडून लोक त्यालाच बघतात. हात आहे म्हटलं माझा!

तुझा,
सगुणदादा

ता. क. मातीच्या माणसाला काकी तुझ्या नावाने हाक मारते. आपला दीड दिवसाचा गणपती यंदा अनंत चतुर्दशीपर्यंत ठेवला आहे. गावाला वाटतं, आगगाडीसाठी. पत्र मिळताच रजा काढ, तार कर आणि नीघ.

आणखी ता. क. मडगाव स्टेशनवर मी स्वतः न्यायला येतो. त्या निमित्ताने खरी आगगाडी एकदा बघून होईल. हे गावात बोलू नकोस.