सातवी ‘ब’ची परदेशी मैत्रीण

३ ऑगस्ट, सोमवार
पत्रमैत्रीचा उपक्रम मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे सोपवला. चित्रकलेचे सर म्हणतात, दुसरं कोणी तयार नव्हतं. जळतात. संकल्प: सातवी ‘ब’ची छत्तीस मुलं, परदेशातल्या मराठी शाळेतले छत्तीस मित्र.

७ ऑगस्ट, शुक्रवार
मुलांना मनाने लिहायला सांगितलं. चूक झाली. एकाने मांजरीच्या बाळंतपणावर दीड पान खर्च केलं. मागच्या बाकावरच्या मुलीने तर कमालच केली. वर्गात तोंड उघडत नाही म्हणून पोरं तिला ‘गुळणी’ म्हणतात. तिने चार पानं लिहिली! आई हॉस्पिटलमध्ये, बाबा घरात बोलत नाहीत, भावाचा डबा हीच भरते. परदेशात शाळेची काय अब्रू राहील? फळ्यावर नमुना पत्र दिलं. सगळ्यांनी उतरवलं. गुळणीने सगळ्यात शेवटी.

बायको म्हणाली, छत्तीस पत्रं एकसारखी? तिला शिक्षणातलं कळत नाही.

११ सप्टेंबर, शुक्रवार
तिकडच्या बाईंचं उत्तर आलं. मुलांचं एकही नाही. विचारतात, तुमच्या सगळ्याच मुलांचे वडील इंजिनियर कसे? आणि प्रत्येकाच्या घरी बाग? आमच्या मुलांना कोणाला काय लिहावं तेच कळेना. खोचक बाई. उद्या खुलासा पाठवतो.

१४ सप्टेंबर, सोमवार
खुलासा राहिला. मुलं रोज विचारतात, सर, आलं का? गुळणी विचारत नाही, नुसती स्टाफरूमच्या दारात उभी राहते. तेच जास्त जाचतं. शेवटी तिच्यापुरतं उत्तर मीच लिहिलं, परदेशी मैत्रीण होऊन. डाव्या हाताने, म्हणजे अक्षर पोरीचं वाटावं. पाकीट मीच तपासणीसाठी फोडलं, असं तिला सांगितलं. एकदाच. परत नाही.

१८ सप्टेंबर, शुक्रवार
तिने मैत्रिणीला सहा पानं लिहिली. वर्गात हात वर केला! माझ्या पद्धतीचा विजय. म्हणून दुसरं उत्तर. त्यात सहज एक प्रश्न घातला: तुमचे पत्रमैत्रीचे सर कसे आहेत गं?

२५ सप्टेंबर, शुक्रवार
उत्तर: “सर वाईट नाहीत. पण आपण काही सांगितलं की ते त्यातल्या चुका बघतात. तुला सांगताना भीती वाटत नाही.”

चार वेळा वाचलं. ‘वाईट नाहीत’ हे स्पष्ट लिहिलंय, याची नोंद घेतो. जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

५ ऑक्टोबर, सोमवार
गुळणीचं पत्र. डॉक्टर म्हणतात, आईला बरेच महिने ठेवावं लागेल. बाबा दोघा भावंडांना मावशीकडे धाडताहेत. शुक्रवारी ही शाळा सुटणार. “हे फक्त तुलाच सांगतेय. मावशीचा पत्ता खाली दिलाय. तिथेच लिही, म्हणजे सर फोडणार नाहीत. नक्की लिही.”

पाकिटाला परदेशी तिकीट लागणार, ते मी कुठून आणू? तिला खरं सांगायला हवं. उद्या, मधल्या सुट्टीत.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
मंगळवारी वह्या तपासणी. बुधवारी मीटिंग. काल घसा बसला होता. आज ती गेली. निघताना समोर येऊन उभी राहिली. मी म्हटलं, शुद्धलेखन सांभाळ. तिने मान हलवली.

१२ ऑक्टोबर, सोमवार
तिकडच्या बाईंना सगळं खरं लिहून टाकलं. विनंती केली, एक खरी मुलगी द्या, या पत्त्यावर लिहिणारी. हलकं वाटलं. प्रश्न सुटल्यात जमा.

३० ऑक्टोबर, शुक्रवार
बाईंचं उत्तर दोन ओळींचं. त्यांच्या मुलांनी दुसरी शाळा धरली. ‘तुमच्या मुलीसाठी वाईट वाटतं’ म्हणाल्या. ‘तुमच्या’ म्हणाल्या.

रविवारी स्वतःच्या नावाने पत्र लिहायचं. माफी मागायची. ठरलं.

२ नोव्हेंबर, सोमवार
रविवारी पाहुणे होते.

दुपारी शिपाईमामांनी सांगितलं, गुळणी मावशीबरोबर दाखला न्यायला आली होती. “माझ्या नावाचं परदेशातून काही आलंय का?” असं दोनदा विचारलंन् म्हणे. मामा म्हणाले, थांब, सरांना बोलावतो. तर म्हणाली, नको, त्यांना नका सांगू.

मी शेजारच्याच खोलीत वह्या तपासत होतो. दार उघडं होतं. बोलणं कानावर पडलंही होतं. आवाज ओळखला नाही. कोणीतरी मुलगी बोलतेय, एवढंच वाटलं.