पत्रिकेतला शब्द

भोंगवली, ता. ३ डिसेंबर १९३८

चि. भिमा हीस कुंडलिकमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सारोळ्याचे स्थळ अडले. मुलगा राजी आहे. पण त्याचे वडील, पेन्शनीतले मास्तर, इंग्रजी कोश उघडून बसले. नर्स हा शब्द म्हणे लॅटिनातून फ्रेंचात आणि तिथून इंग्रजीत आला, अर्थ मुळात दुसऱ्याच्या पोरांना दूध पाजणारी. असली चाकरी करणारी सून नको, असे चार लोकांत बोलले. दवाखाना सोडते एवढे लिहून दे, म्हणजे माघात अक्षता. पोरी, लई ताणू नकोस.

तुझा मामा

भोर, ता. ६ डिसेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

मास्तरांनी काढलेले मूळ बरोबर आहे. आमच्या डॉक्टरांच्या कोशात मी पडताळले. पण मग तोच कोश पुढेही वाचावा. डॉक्टर म्हणजे लॅटिनात शिकवणारा. म्हणून काही आमचे डॉक्टर पाढे घेत नाहीत. सर्जन म्हणजे ग्रीकात हाताने काम करणारा, तसा सुतारही. आणि मास्तर ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याच्या मुळाशी 'जास्त' एवढाच अर्थ आहे. सारोळ्यात तो तंतोतंत लागू पडतो.

मी पुण्यास शिकून परीक्षा दिली. जखमा धुते, ताप मोजते, हत्यारे उकळते. आणि दूध पाजण्यात लाज कसली? मास्तरांनाही कोणीतरी पाजलेच असेल. नोकरी सोडणार नाही. आपली माया या पत्राने आटणार नाही, असे धरून चालते.

आपली भिमा

भोंगवली, ता. ११ डिसेंबर

चि. भिमा हीस आशीर्वाद.

तुझे पत्र त्यांना वाचून दाखवले, 'जास्त'सकट. बराच वेळ चष्मा पुसत बसले. आता तोडगा काढलाय: नोकरी राहू दे, पण लग्नपत्रिकेत नर्स नको, मिडवाइफ छापा. जुन्या इंग्रजीत म्हणे 'बाईच्या सोबतीला असणारी'. किती सोज्ज्वळ शब्द, म्हणाले. आता तरी व्हय म्हण. मामीने लुगडीसुद्धा बघून ठेवलीत.

मामा

भोर, ता. १३ डिसेंबर

ती. मामांस सा. न.

मिडवाइफ म्हणजे आपली सुईण, हे मास्तरांना कोणी सांगितलेले दिसत नाही. काम मानाचेच आहे. पण ती परीक्षा मी दिलेली नाही, आणि न दिलेल्या परीक्षेचे नाव मी लावत नाही. पत्रिकेत नर्स छापावे. नाहीतर पत्रिकाच छापू नये.

मुलगा राजी आहे, असे आपण लिहिता. हो की नाही, ते वडिलांना न विचारता त्यानेच मला कळवावे.

मामीस नमस्कार.

भिमा