गोदूबाईची शेजारीण

मांडवी, रत्नागिरी
ता. ४ जानेवारी १९९९

चि. देवदत्त यास अनेक आशीर्वाद.
इकडे सर्व क्षेम. दवाखान्यात तीच गर्दी, तोच खोकला. आमच्या गोदूबाईला स्वतःचं दुखणं सांगायची लाज, म्हणून ती कायम शेजारणीचं सांगते. मी शेजारणीसाठी औषध देतो आणि गोदूबाई बरी होते! फीऐवजी वालाच्या शेंगा ठेवून जाते. तुझ्यासारख्या मुंबईच्या बड्या स्किन स्पेशालिस्टला हे सुख कुठलं?
लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा दादा, चिंतामणी

मुंबई, ता. १९ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.
गोदूबाईचं वाचून हसलो. मलाही असाच एक शेजारी आहे, डॉक्टरच. श्रीमंतांचे चेहरे उजळवून त्याने दोन फ्लॅट घेतले. पण हल्ली सकाळी उठावंसंच वाटत नाही. मुलगी बोलते ते कानात शिरत नाही. सांगायची लाज वाटते. एवढं मिळवूनही रडतो म्हणतील. तू त्याला काय देशील? लवकर कळव.
लोभ असू दे, दादा.
देवदत्त

मांडवी, ता. २५ जानेवारी

चि. देवदत्त यास आशीर्वाद.
तुझ्या शेजाऱ्याला सुख बोचतंय, दुसरं काही नाही! महिनाभर माझ्या खुर्चीत बसव, जुलाब-उलट्यांचे साठ पेशंट बघितले की डोकं ताळ्यावर येईल. नखरे पुरे म्हणावं. मे महिन्यात आंबे खायला त्यालाही आण.
लोभ ठेव.
दादा

मुंबई, ता. २० फेब्रुवारी

ती. दादांस सा. न. वि. वि.
तेराव्यानंतर तुम्ही गेलात आणि मी ह्यांचा खण उघडला. तुमचं शेवटचं पत्र घड्या झिजेपर्यंत वाचलेलं होतं. दादा, आमच्या शेजारी कोणी डॉक्टर राहत नाही.
एवढं सगळं असताना ह्यांनी स्वतःला का संपवलं, असं लोक विचारतात. मी तुम्हाला दोष देत नाही. एका घरात राहून मलाही कळलं नाही.
लोभ असावा.
सावनी

मांडवी, ता. १ मार्च

चि. सावनीस आशीर्वाद.
तीस वर्षं मी गोदूबाईची शेजारीण ओळखत आलो, आणि पाठचा भाऊ मला ओळखता आला नाही. त्याने औषध मागितलं, मी थट्टा पाठवली. हे मला कुठे ठेवू?
काल दवाखाना उघडला. गोदूबाई आली, शेजारणीच्या गुडघ्याचं सांगू लागली आणि मला रडू आवरेना. काय झालं म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, आमच्या शेजाऱ्यांचा धाकटा भाऊ गेला.
तिला लगेच कळलं. औषध न मागता ती दुपारपर्यंत माझ्यापाशी बसून राहिली.
मुलीला घेऊन इकडे ये. लोभ मागायचं तोंड मला उरलं नाही.
अभागी,
चिंतामणी