मार्गदर्शकाची खुर्ची

६ जानेवारी, सोमवार

निवृत्तीनंतर वेळेचं काय करायचं, हा प्रश्न आज आपोआप सुटला. लेकीच्या डिझाइन कॉलेजात ग्रुप प्रोजेक्ट आहे. आठवड्याच्या आत उरकायचा. घरातल्या वयस्कर माणसाची रोजची एक अडचण शोधायची आणि त्यावर उपाय म्हणून एखादी वस्तू बनवायची. ग्रुपमध्ये तिघं: लेक, एक ताडमाड मुलगा (मनातल्या मनात मी त्याला शिडी म्हणतो) आणि सतत गुणगुणणारी एक मुलगी (भुंगा). बैठका आमच्या हॉलमध्ये.

लेक म्हणाली, "बाबा, तुमची मदत लागेल. तुम्ही फक्त रोजच्यासारखं वागा."

म्हणजे मार्गदर्शन हवंय, पण मागायला संकोच वाटतोय. स्टोअर्स खात्यात आयुष्य काढलं. चार डोकी एका कामाला कशी लावायची, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

संकल्प: फक्त दिशा दाखवायची. लुडबुड अजिबात नाही.

७ जानेवारी, मंगळवार

पहिली बैठक. सुरुवातीला टीमवर्कवर दोन शब्द बोललो. तेवढ्यात सगळ्यांचा चहा गार झाला. शिडी जांभया देत होता. झोप अपुरी. या पिढीचा तोच प्रॉब्लेम.

वयस्कर माणूस कोण निवडायचा, यावर मीच तोडगा काढला. वरच्या मजल्यावरचे काका. चांगले पंचाहत्तरीच्या पुढचे. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लेक म्हणाली, "बाबा, आम्ही खरं तर तुम्हालाच..." मी म्हटलं, काही अडलं की मलाच विचारायचं, दुसऱ्या कुणाला नाही, अगदी बिनधास्त विचारा.

काकांना आणायला वर गेलो. घरी नव्हते. बॅडमिंटन खेळायला गेले होते. स्वतःचं वय मान्य न करणारी माणसं पाहिली की हसू येतं.

खाली आल्यावर मुलांनी मला खुर्चीत बसवलं, उठवलं, परत बसवलं. व्हिडिओ काढत होती. कॅमेऱ्याचा अँगल तपासत असावीत. माझी उठण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. आधी पुढे झुकायचं, टीपॉयवर हात टेकायचा, "चला" म्हणायचं, दम घ्यायचा, पुन्हा "चला" म्हणायचं. भुंग्याने सगळं लिहून घेतलं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "दोन 'चला'त कुठले उठतायत!" तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

ग्रुपमध्ये मतभेद. भुंग्याला खुर्चीत बसवायची उंच गादी करायचीय, शिडीला खुर्चीला लाकडी दांडे लावायचेत. लेक मध्ये. आवाज चढले. अशा वेळी अनुभवी माणूस लागतो. मी दोन्ही कल्पना बाजूला सारून तिसरी मांडली: वृद्धांसाठी सर्वगुणसंपन्न काठी. तिच्यातच टॉर्च, रेडिओ, औषधांची डबी, पाण्याची बाटली आणि छत्री. चित्रही काढून दिलं. शिडीने विचारलं, "काका, ही उचलायची कुणी?" प्रश्न बारकाईचा होता. विचार करतो म्हटलं.

फायदा असा झाला की त्या दोघांचं भांडण तिथेच मिटलं. दांड्यांवर एकमत झालं. माझ्या काठीच्या विरोधात का होईना, पण एकमत. याला म्हणतात नेतृत्व.

९ जानेवारी, गुरुवार

हॉल रिकामा. काम भुंग्याच्या घरी, गॅरेजमध्ये हलवलंय. लेक म्हणते, आपला हॉल लहान पडतो. काल परवा पुरत होता. जाताना माझी खुर्चीही घेऊन गेले. प्रयोगासाठी.

त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना पाठवायला गेलो, तर "फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात" असं दिसलं. तांत्रिक बिघाड. लेकीला कळवलं. बघते म्हणाली.

दुपारी खुर्ची नाही म्हणून जमिनीवर बसून पेपर वाचला. जमिनीवर बसणं आरोग्याला चांगलं. वाचून झाल्यावरही बसलो. जाहिराती वाचल्या. कालचा पेपर हाताला लागला, तोही वाचला. बायको बाजारातून आली आणि म्हणाली, "खाली काय करताय?" म्हटलं, सोफ्याखाली पेन गेलंय. तिने पिशव्या ठेवल्या आणि हात पुढे केला.

पेन खिशात होतं. गुडघे ठणठणीत आहेत. फक्त फरशी गुळगुळीत आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

उद्या परीक्षक येणार. बिघाड दुरुस्त न झाल्यामुळे सूचना द्यायला स्वतः गॅरेजमध्ये गेलो. वातावरण वाईट. माझ्या खुर्चीला पुढून दोन उभे दांडे लावले होते, धरून स्वतःला ओढत उठण्यासाठी. पण खुर्ची सारखी पुढे कलंडत होती. शिडी म्हणे चूक मापाची, भुंगा म्हणे कल्पनेचीच. लेकीचे डोळे लाल. मी म्हटलं, बाळांनो, स्टोअर्समध्ये असताना एकदा...

"बाबा," लेक म्हणाली, "पाच मिनिटं काही न बोलता बसाल?"

असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. बसलो. आपल्याच खुर्चीत पाहुण्यासारखा. म्हटलं, आपण निघावं. दांड्यावर तळहात टेकून जोर दिला, तर काडकन दांडाच हातात आला.

माफी मागणार तोच भुंगा ओरडली, "काका, तुम्ही ओढत नाही! तुम्ही दाबता!" मग तिघं माझ्याभोवती. परत बसा काका, परत उठा काका. दांडे आडवे आणि मागे घ्यायचे ठरले. लगेच करवत चालू. मला कुणी जा म्हटलं नाही. लाकडाचं एक टोक धरून उभा होतो.

प्रोजेक्ट अखेर मीच वाचवला. वरच्या काकांचं भाग्य, आयते दांडे मिळणार.

११ जानेवारी, शनिवार

इस्त्रीचा शर्ट. खिशात भाषणाचे मुद्दे.

कॉलेजात लावलेल्या पोस्टरवर माझा फोटो होता. पुढे झुकलेला, हात टीपॉयवर, तोंड "चला"वर उघडलेलं. खाली लिहिलं होतं: वापरकर्ता, वडील, वय एकसष्ट. खुर्चीतून उठताना त्रास होतो. स्वतः मान्य करत नाहीत, म्हणून विचारण्याऐवजी निरीक्षण केलं.

परीक्षक बाईंनी विचारलं, वापरकर्ता आलाय का? लेकीने माझ्याकडे बोट केलं. सगळे बघत होते. खुर्चीत बसलो. ठरवलं, दांड्यांना हात न लावता उठून दाखवायचं. एकदा जोर करून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग दोन्ही हात दांड्यांवर ठेवले आणि दाबले.

उठलो. आवाज न करता. लेक दांड्यांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी खिशातला कागद खिशातच ठेवला.

दुसरा नंबर. शेरा: वापरकर्त्याला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. लेक म्हणाली, "मॅम, खूप प्रयत्न केला."

१२ जानेवारी, रविवार

खुर्ची घरी आली. दांडे दिसायला ओबडधोबड, पण राहू देत म्हटलं. आंघोळ करून आलो तर खुर्चीत बायको. पेपर वाचून झाला, भाजी निवडून झाली, तरी उठेना. शेवटी म्हटलं, अगं, ती माझ्या गुडघ्यांसाठी केलीय.

म्हणाली, "मग माझे काय लाकडाचे आहेत?"

विचारलं, कधीपासून दुखतात? म्हणाली, लेक शाळेत होती तेव्हापासून.

कुठला, उजवा की डावा?

"दोन्ही."

चहा ठेवला. उतू गेला.