उत्तर छापू नये

७८६

राजिवडा, रत्नागिरी
ता. ५ मे १९५७

चिरंजीव भाई हमीद यास खतिजाआपाचा सलाम आणि पुष्कळ दुआ.

आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. तुम्हीही तिकडे तसेच असाल. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. सहा वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे, तर सुरुवात तरी रीतसर व्हावी.

गेल्या आठवड्यात ईद झाली. शिरखुर्मा मीच केला. अब्बांना आता दात नाहीत, त्यामुळे बदाम भिजवून वाटून घालावे लागतात आणि मग ते म्हणतात, बदाम कुठे आहेत. आंबा यंदा उशिरा आहे. आपल्या बहिणीला, साबेराला, खेडला दुसरा मुलगा झाला, तिची तब्येत बरी आहे. माझ्या घरधन्यांचं, अलींचं, पत्र मोंबासाहून आलं. सुएझ बंद होता म्हणून त्यांची बोट आफ्रिकेला वळसा घालून गेली, आता येताना कालव्यातून येईल असं अलींनी लिहिलंय. पावसाळ्याच्या आत काही ते घरी पोचत नाहीत.

तुझ्या साप्ताहिकातल्या सदराचं काय सांगू? इथे ते शनिवारी येतं. दुपारी बाजार उठला की आवडाबाई, हिरा, मालन रिकाम्या टोपल्या घेऊन आमच्या पडवीत बसतात आणि मी ‘वाचकांचे प्रश्न’ मोठ्याने वाचते. आधी डॉक्टरचं, म्हणजे तुझं. मग वकिलाचं, आणि शेवटी जगाच्या घडामोडी सांगणाऱ्या त्या प्रोफेसरांचं. आवडाबाईने त्यांना बाँबबद्दल विचारायला लावलं होतं, की समुद्रात बाँब फोडतात त्याने आमची मासळी विषारी होते काय, गिऱ्हाइकं विचारतात. प्रोफेसरांनी अर्धा रकाना भरून लिहिलं की प्रशांत महासागर आपल्यापासून फार दूर आहे. आवडाबाई सगळं ऐकून म्हणाली, “पण पाणी तर एकच ना गो?”  

इथून जाणारी सगळी पत्रं मीच लिहिते हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही असं सोंग करू नकोस. ‘एक भगिनी’, ‘मिरकरवाड्याची वाचक’, ‘गुडघेदुखीने त्रस्त’ या सगळ्या मीच. दुसऱ्या गावच्या लोकांना तीन तीन महिने थांबावं लागतं आणि रत्नागिरीचं उत्तर पुढच्याच अंकात येतं, ते काय रत्नागिरीचे गुडघे जास्त दुखतात म्हणून? पडवीत वाळू पसरून तुझं बोट धरून मी तुला अक्षरं गिरवायला लावली. माझं अक्षर तू ओळखणार नाहीस तर कोण ओळखेल?

आणि ते चष्म्याचं. आवडाबाईच्या गुडघ्यांना शेक सांगून झाल्यावर तू खाली छापलंस, ‘पत्र लिहून देणाऱ्या बाईंनी डोळे तपासून घ्यावेत, ओळी उजवीकडे खाली उतरत आहेत.’ मी ते वाचलं, आणि पुढचं वाचताच येईना. हिरा म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, डोळे खराब झालेत. दुसऱ्याच आठवड्यात चष्मा केला. तोच लावून हे लिहिते आहे. ओळी सरळ आहेत की नाहीत बघ.

मला भाचा झाला, मी फुफी झाले, हेही मला छापील अक्षरातच कळलं. देवीच्या लशीबद्दल कुणाला उत्तर देताना तू लिहून गेलास, ‘माझ्या स्वतःच्या मुलाला मी टोचून घेतले आहे.’ त्या दिवशी मी सगळ्या बायकांना गूळखोबरं वाटलं. तुझ्यावर इतका राग आला होता की गूळ जास्तच वाटला गेला.

राग अजून आहे. तो सांगून टाकते म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. इद्रीसचाचांना हॉस्पिटलात न्या, हे तुझं म्हणणं खरंच होतं. माडाखालच्या खोपीत त्यांना ठेवलं होतं, जेवण फळीवर ठेवून आम्ही मागे सरायचो, हे मला अजून पचत नाही. पण साबेराची सोयरीक ठरवायला आलेली माणसं ओटीवर बसलेली असताना, त्यांच्या हातात सरबताचे पेले असताना, तू तो शब्द मोठ्याने उच्चारलास. पेले तसेच खाली ठेवून माणसं उठली. साबेराला मग बिजवराशी लग्न करावं लागलं. अब्बा म्हणाले, पुन्हा या दारात पाय ठेवू नको, आणि तू शब्दाचा इतका पक्का की ठेवला नाहीस. चाचा गेले तेव्हाही नाही. त्यांच्या मयताला खांदा द्यायला किती माणसं होती ते विचारू नकोस.

तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. मीही या पत्रात अजून काढलेला नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

आता कामाचं. रमजानात मी तुला शेजारच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं. डाव्या हातावर कोपराखाली फिकट डाग आहे, खाज नाही, दुखत नाही, तिथे लव गळली आहे, तर काय समजावं. पुढच्या अंकात उत्तर आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एरवी तू असा थांबत नाहीस.  मला वाटलं, तुला उत्तर माहीत आहे म्हणूनच तू देत नाहीस.

उत्तर कालच्या अंकात आलं. बायका समोर बसल्या होत्या. मी पहिल्या दोन ओळी मनात वाचल्या आणि पान उलटलं. बोलले, या खेपेला रत्नागिरीचं काही नाही. मालन म्हणाली, असं कसं, माझं पित्ताचं पण नाही? मी तिला पित्ताचं काहीतरी रचून सांगितलं, ताक पी म्हणून. ताकाने पित्त वाढत असेल तर तेवढं कळव.

त्या गेल्यावर सगळं वाचलं. प्रश्न छापत नाही असं तू लिहिलंस, ते बरं केलंस. डागाला स्पर्श कळत नसेल तर काय असू शकतं ते तू लिहिलंस, तो शब्द तू छापलास. तपासल्याशिवाय ठरवू नये असंही लिहिलंस. आता त्यावर गोळ्या निघाल्या आहेत, वेळेवर सुरू केल्या तर बोटं वाकडी होत नाहीत, मूल शाळेत जाऊ शकतं, जवळ बसल्या-उठल्याने लोक समजतात तसं काही होत नाही. आणि शेवटी, ‘आईने मुलीला लपवू नये. मुंबईस आणावे.’

हमीद, मी पत्रात ‘शेजारचं मूल’ लिहिलं होतं. मुलगी आहे असं कुठेच लिहिलं नव्हतं. आणि तू सगळ्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात जा म्हणतोस. मुंबईला ये असं आजवर कुणालाही लिहिलं नाहीस, मी एकही अंक चुकवलेला नाही.

तर तू ओळखलंस. शेजारचं कुणी नाही. आपली मासूमा आहे.

तू गेलास तेव्हा चार वर्षांची होती, तुझ्या पाठीवर बसून ओटीभर फिरायची. आता चौथीत आहे. माघात एकदा कंदिलाची काच पुसायला गेली आणि तापलेल्या काचेला तिचा हात तसाच टेकून राहिला. मला करपल्याचा वास आला म्हणून मी वळले, तर ती गाणं म्हणत होती. फोड आला, तरी रडली नाही. मी लोकांना सांगितलं, पोर धीराची आहे.

मग मी तिच्याशी एक खेळ खेळले. डोळे मिटायला लावले आणि कोंबडीचं पीस घेऊन म्हटलं, कुठे लागलं सांग. गाल, म्हणाली. बोट. मान, म्हणाली, आणि हसली. मी पीस त्या डागावर फिरवलं. ती डोळे मिटून तशीच हसत वाट बघत राहिली. मग म्हणाली, “आई, लाव ना गो.”

त्या दिवसापासून मला धड झोप नाही. तिचे सगळे झगे उसवून मी लांब बाह्यांचे केले. या उकाड्यात पोर घामाने निथळते आणि मी तिला सांगते की मोठ्या मुली असंच घालतात. तिला मी समुद्रावर जाऊ देत नाही. अलींना काही कळवलेलं नाही, बोटीवर माणूस काय करणार? जूनमध्ये शाळा उघडली की क्षयाची लस टोचायला डॉक्टर येणार आहेत, आणि ती टोचतात दंडाला. सगळ्या वर्गासमोर बाही वर करावी लागेल. त्याच्या आत पाऊस लागेल आणि बोटी बंद होतील. दिवसभर हेच डोक्यात फिरतं. कुणी दारात आलं तरी वाटतं, यांना कळलं.

काल तो अंक मी तांदळाच्या कणगीत खुपसून ठेवला. अब्बा पडवीच्या कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. शनिवारी ते तिथेच असतात. त्यांना मराठी वाचता येत नाही, आणि सदर कोण लिहितं ते त्यांना ठाऊक नाही असं आम्ही सगळे धरून चालतो. तुझं वाचून होईपर्यंत त्यांचा अडकित्ता वाजत नाही.

“काय गो, आपल्याकडचं काय नाय आलं?” ते म्हणाले.

“नाही आलं, अब्बा.”

मासूमा विहिरीवरून कळशी घेऊन आली. बाह्या मनगटापर्यंत भिजलेल्या. ती आत जाईपर्यंत अब्बा बघत राहिले.

“इद्रीस पण लांब बाह्यांचंच कुडतं घालायचा,” ते म्हणाले. “अशा उकाड्यात पण.”

 इतके दिवस मी जे सगळ्या राजिवड्यापासून लपवत होते, ते या म्हाताऱ्याने पहिल्या झग्यालाच ओळखलं होतं.

“ह्या पोरीला त्या खोपीत नाय बसवायची,” अब्बा म्हणाले. “हमीदला लिव.”

“काय लिहू?”

त्यांनी अडकित्ता मिटून खाली ठेवला. जन्मभर मचव्यावर तांडेल म्हणून सुकाणू धरलेला माणूस, कधी कुणाला रस्ता विचारलेला नाही. मग म्हणाले, “लिव, बापूस पण येतंय म्हणून. त्याला काय बोलायचं असंल तर आधी माझ्याशी बोलू दे. मग पोरीला बघू दे.”

म्हणून हे पत्र. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारच्या बोटीने अब्बा, मी आणि मासूमा निघतो आहोत. लोकांना सांगितलंय, साबेराच्या बाळासाठी कपडे घ्यायला मुंबईला जातो. मासूमाला सांगितलंय, मामूकडे जातो. तिने तुझ्यासाठी आमसुलं बांधून घेतली आहेत, स्वतःच्या हाताने. घेशील ना रे?

आता माझा एकच प्रश्न उरलाय, आणि हा कुणा आवडाबाईचा नाही. तुझं छापील उत्तर मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं, पण ते डॉक्टरने लिहिलंय की हमीदने, ते मला कळत नाही. जवळ बसल्या-उठल्याने काही होत नाही असं डॉक्टर म्हणतो. तुझी बायको काय म्हणते? तुझा मुलगा मासूमाच्या पाठीवर बसेल का? की तुझ्या घरीही फळी आहे? घरात घेणं जमणार नसेल तर मी रागावणार नाही. आम्ही मुसाफिरखान्यात उतरू, फक्त दवाखान्याचा रस्ता दाखव.

तिला महारोग आहे. लिहिला मी शब्द. नसेल तर तू सांग नाही म्हणून, मी चालत बाबा याकूबांच्या दर्ग्याला जाईन. असेल तर तेही तूच सांग, पण तिच्यासमोर सांग, हळू आवाजात, आणि जवळ बसून.

या प्रश्नाचं उत्तर छापू नकोस. पत्रानेही पाठवू नकोस. भाऊच्या धक्क्यावर ये. बोटीच्या फळीवरून उतरताना मासूमा घाबरेल, तेव्हा तिचा हात धरून तिला उतरवून घे. डावा हात धर. मी मागे उभी असेन, चष्मा लावून.

या खेपेला खऱ्या नावाने,
तुझी आपा
खतिजा